संगणकाचे मौन आणि त्याचा तपास

यंत्रांच्या बहुतेक बिघाडांचा एक गुण असा असतो की, बिघाड कोठे झाला आहे याची थोडीबहुत सूचना तो स्वतःच देऊन ठेवतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तो अर्धा बाहेर दिसतो, कीबोर्डवरील एखादी कळ नादुरुस्त झाली तर नेमके तेच अक्षर उमटेनासे होते, आणि इंटरनेटचा संबंध तुटला तर ब्राउझर तसे लिहून कळवतो. संगणकाचा आवाज बंद पडणे या बिघाडात मात्र हा गुण मुळीच नाही. गाण्याची फाइल सुरू होते, वेळ दाखवणारी रेघ पुढे सरकत राहते, पडद्यावरील ध्वनिदर्शक पट्ट्याही लयीत खालीवर होतात, आणि स्पीकर मात्र मुका तो मुकाच राहतो. फाइलीपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत निदान आठ-दहा टप्पे असतात; त्यांपैकी पहिला बंद पडला काय, मधला बंद पडला काय, किंवा शेवटचा बंद पडला काय, ऐकणाऱ्याच्या पदरी पडणारे फळ एकच. लिनक्स किंवा तत्सम युनिक्स-परंपरेतील प्रणाली वापरणारे पुष्कळ लोक या एकरूप लक्षणाने गोंधळून जातात, मिळेल त्याच्या सल्ल्याने एकामागून एक आज्ञा चालवतात, आणि अखेरीस सगळी प्रणालीच पुसून नव्याने बसवण्याच्या थरास येतात. हे सर्वस्वी अनावश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या प्रणालीत ध्वनिमार्गाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे चौकशीस उभा करता येतो आणि त्याची जबानी साध्या मजकुरात वाचता येते. ही मुभा इतर पुष्कळ प्रणालींत इतक्या मोकळेपणाने मिळत नाही.

प्रस्तुत लेखात जे यंत्र गृहीत धरले आहे ते अगदी सामान्य, घरोघरी आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून आढळणारे आहे: मदरबोर्डवरच बसवलेली ध्वनियंत्रणा आणि तिच्यावर डेबियन, उबुंटू अथवा फेडोरा यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली. या ऑनबोर्ड यंत्रणेचे दोन भाग असतात आणि त्यांतील भेद मनात पक्का ठसल्यावाचून पुढील तपास उमगत नाही. पहिला भाग म्हणजे कंट्रोलर. तो मुख्य चिपसेटच्या पोटात असतो आणि स्मृतीतून ध्वनीचे आकडे उचलून पुढे धाडतो. दुसरा भाग म्हणजे कोडेक. ही मदरबोर्डच्या कडेला, रंगीत जॅकांच्या लगत बसवलेली छोटी चौकोनी चिप असून आकड्यांचे विद्युत्दाबात आणि विद्युत्दाबाचे आकड्यांत रूपांतर करणे हे तिचे काम. या दोहोंनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलावे याचा दंडक इंटेल कंपनीने प्रथम १९९७ साली ‘एसी ९७’ या नावाने घालून दिला, आणि २००४ साली त्याच्या जागी ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ हा नवा दंडक आणला. नव्या दंडकानुसार दोघांमधील तारेवर सेकंदास ४८,००० चौकटी धावतात, एका कंट्रोलरला १५ पर्यंत कोडेक जोडता येतात, आणि सेकंदास १,९२,००० नमुने, प्रत्येकी ३२ बिटांचे, एवढ्या सूक्ष्मतेचा ध्वनी वाहून नेण्याची सोय आहे. लिनक्समध्ये या कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावात इंटेलचा उल्लेख असला, तरी एएमडी आणि एनव्हिडिया यांचे कंट्रोलरही तोच ड्रायव्हर चालवतो. कोडेक बहुधा तैवानमधील सिंचू येथील रिअलटेक कंपनीचा असतो. ‘एएलसी ८८७’ किंवा ‘एएलसी ८९२’ अशी त्यांची नावे पुष्कळांच्या पाहण्यात असतील.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. कंट्रोलरचे वर्तन दंडकाने बांधलेले आहे. कोडेकच्या पोटात कोणते घटक आहेत हे कोडेक स्वतःच विचारल्यावर सांगतो. परंतु कोडेकचा कोणता पाय कोणत्या जॅकाला किंवा कोणत्या स्पीकरला जोडला आहे, हे फक्त मदरबोर्ड बनवणाऱ्या कारखान्यास ठाऊक असते, आणि ती माहिती त्याने बायोसमध्ये नीट नोंदवलेली असेल तरच प्रणालीस कळते. अत्यंत चिवट तक्रारींचे मूळ याच ठिकाणी असते. त्याकडे आपण यथावकाश वळू.

यंत्रावरील सॉफ्टवेअरच्या थरांनाही इतिहास आहे. फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी ध्वनिव्यवस्था लिनक्सला दिली, ती पुढे ‘ओपन साउंड सिस्टम’ या नावाने रूढ झाली. तीत ध्वनी म्हणजे एक फाइल होती. त्या फाइलीत आकडे लिहिले की स्पीकरमधून आवाज निघे. युनिक्सच्या शिरस्त्यास हे शोभूनच होते, मात्र साध्या यंत्रावर एका वेळी एकाच प्रोग्रामला त्या फाइलीचा ताबा मिळे. चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ साली आरंभलेली ‘आल्सा’ ही व्यवस्था डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ कर्नलबरोबर मुख्य ध्वनिव्यवस्था म्हणून स्थिरावली आणि आजही यंत्राशी प्रत्यक्ष बोलण्याचे काम तीच करते. तिच्यावर, अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून कोणाचा आवाज कोठे जावा हे ठरवणारा सर्व्हर असतो. लेनार्ट पॉटरिंग यांचा पल्सऑडिओ २००७-०८ च्या सुमारास फेडोरा आणि उबुंटू यांनी स्वीकारला. पुढे विम टेमन्स यांचा पाइपवायर आला आणि २०२१ च्या फेडोरा ३४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. तात्पर्य, आज ध्वनीची वाट अशी: प्रोग्राम, त्याखाली पाइपवायर, त्याखाली आल्सा आणि कर्नलमधील ड्रायव्हर, मग कंट्रोलर, कोडेक, ॲम्प्लिफायर, जॅक, आणि सरतेशेवटी स्पीकर.

कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही अशी तक्रार आली म्हणजे अनुभवी पाटकरी मुखापासून टोकापर्यंत सगळा पाट पायी तुडवत बसत नाही. तो आधी मधल्या दारावर जातो, तेथे पाणी आहे की नाही ते पाहतो, आणि तेवढ्या एका पाहणीने अर्धा पाट संशयातून मोकळा करतो. ध्वनिमार्गातील मधले दार आल्सा हे होय. सर्व्हरला बाजूस सारून थेट आल्साच्या हाती एक चाचणीचा आवाज दिला आणि तो स्पीकरमधून ऐकू आला, तर यंत्र, ड्रायव्हर, जॅक आणि तार ही सर्व निर्दोष ठरतात व तपास वरच्या थरांपुरता उरतो. ऐकू आला नाही, तर वरच्या थरांतील कोणत्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

या चाचणीपूर्वी बाहेरचे साहित्य पाहून घ्यावे. मागच्या बाजूस जी जॅकांची रांग असते तीत पोपटी-हिरवा जॅक स्पीकरसाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि फिकट निळा बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठी, हा रंगसंकेत बहुतेक मदरबोर्डांवर पाळला जातो. स्पीकरला स्वतःचा वीजपुरवठा असेल तर तो चालू आहे का आणि तोच स्पीकर फोनला जोडल्यावर वाजतो का, एवढे पाहिले की पुरे.

यानंतर पहिला प्रश्न कर्नलला विचारावयाचा: तुला हे साउंड कार्ड दिसते का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा पीसीआय मार्गावरील सर्व उपकरणांची यादी देते, आणि तिला योग्य पर्याय जोडल्यास प्रत्येक उपकरणाचा ताबा कोणत्या ड्रायव्हरकडे आहे हेही सांगते. यादीत ऑडिओ उपकरणाचे नावच नसेल, तर ते बायोसमध्ये बंद करून ठेवले असण्याचा संभव सर्वांत मोठा. उपकरण आहे पण ड्रायव्हर नाही, किंवा ड्रायव्हर आहे आणि कर्नलच्या नोंदींत एकही कोडेक सापडला नसल्याचे वाक्य आहे, असे असेल तर निराळी वाट धरावी लागते. साधारण २०१९ नंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांत हे विशेषेकरून आढळते. कारण त्यांत मायक्रोफोन थेट इंटेल चिपसेटमधील स्वतंत्र ध्वनिप्रक्रियकास जोडलेले असतात, आणि तो प्रक्रियक ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाची फाइल मिळाल्याखेरीज जागाच होत नाही. ही फाइल काही वितरणांत वेगळ्या पॅकेजात असते. ते पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू केले की, दिवसभर चाललेली खटपट पाच मिनिटांत मिटते.

कर्नलला कार्ड दिसते असे ठरल्यावर ‘एप्ले’ या आज्ञेस ‘एल’ हा पर्याय जोडून आल्साची यादी मागवावी, आणि ती घाईने न वाचता ओळीओळीने वाचावी. माझ्या मते या संपूर्ण तपासातील सर्वांत बोलका कागद हाच. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की आपल्या संगणकात एकच साउंड कार्ड आहे. यादीत मात्र बहुधा दोन निघतात. एक मदरबोर्डवरील, ज्याच्या पुढे कोडेकचे नाव आणि ‘अ‍ॅनलॉग’ हा शब्द असतो. आणि दुसरे ग्राफिक्स चिपचे, जे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या तारेवरून मॉनिटरकडे ध्वनी पाठवते व ज्याच्या उपकरणांचे क्रमांक ३, ७, ८ असे असतात. आल्सा कार्डांची मोजणी शून्यापासून करते, आणि निराळी तजवीज केलेली नसेल तर शून्य क्रमांकाच्या कार्डास डिफॉल्ट मानते. दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर यंत्र सुरू होताना एकाच सुमारास जागे होत असल्यामुळे, कोणास शून्य आणि कोणास एक हा क्रमांक मिळेल याची सर्वच यंत्रांवर शाश्वती नसते. ग्राफिक्स कार्डाला शून्य मिळाला, किंवा नवा मॉनिटर जोडताच सर्व्हरने त्यास अधिक योग्य ठरवले, म्हणजे ध्वनी निमूटपणे मॉनिटरकडे वाहू लागतो. आणि मॉनिटरला स्वतःचे स्पीकर नसले तरी तो आलेला ध्वनी तक्रार न करता स्वीकारतो. अशा वेळी कोणताही टप्पा बिघडलेला नसतो. प्रत्येक जण आपले काम चोख बजावत असतो. फक्त मुक्कामाचा पत्ता भलताच असतो. काल वाजत होते आणि आज वाजत नाही, अशा तक्रारींत हा प्रकार इतका वारंवार निघतो की, त्याची रुजुवात पहिल्याच प्रहरात करून टाकावी. सेटिंग लिहिताना कार्डाचा क्रमांक न लिहिता त्याचे नाव लिहावे, म्हणजे क्रम बदलला तरी सेटिंग बदलत नाही.

यानंतर मिक्सर. ‘अल्सामिक्सर’ टर्मिनलमध्ये चालवला की उभ्या पट्ट्यांची एक रांग दिसते. परंतु सर्व्हर चालू असताना पुष्कळदा एकच पट्टी दिसते, आणि ती खऱ्या कार्डाची नसून सर्व्हरची असते. एफ ६ ही कळ दाबून खरे कार्ड निवडले म्हणजेच मास्टर, हेडफोन, फ्रंट, स्पीकर, पीसीएम अशा खऱ्याखुऱ्या पट्ट्या समोर येतात. पट्टीच्या तळाशी दोन ‘एम’ अक्षरे असतील तर ती वाहिनी म्यूट आहे, दोन ‘ओ’ असतील तर खुली आहे. एम ही कळ दाबून स्थिती पालटता येते. आल्साचा मूळ शिरस्ता असा की, नवे कार्ड प्रथम हाती येते तेव्हा सर्व वाहिन्या बंद असाव्यात, जेणेकरून अचानक कर्कश आवाज होऊन कोणाच्या कानास किंवा उपकरणास इजा होऊ नये. बहुतेक वितरणे त्या पुढे आपण होऊन उघडतात आणि यंत्र बंद करताना त्यांची स्थिती एका फाइलीत जतन करतात. ती फाइल दूषित झाली किंवा भलत्याच स्थितीत जतन झाली, तर दर वेळी यंत्र सुरू करताना तेच मौन परत येते. म्हणून वाहिन्या खुल्या केल्यावर ‘अल्साकंट्रोल’च्या साह्याने ती स्थिती जतन करण्यास विसरू नये. वाहिन्या उघडण्यापूर्वी हेडफोन कानावरून काढून ठेवावेत, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी ती मी आग्रहाने करीन.

याच मिक्सरमध्ये एका टोकास ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाचा पर्याय असतो. हेडफोन जोडला की स्पीकर आपोआप बंद व्हावा, यासाठी त्याची योजना. जॅकमध्ये पिन शिरली हे कोडेकला कसे कळते, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जॅकच्या आत एक स्विच असतो आणि त्यास ठरावीक मूल्याचा एक रोध जोडलेला असतो: ५.१, १०, २० आणि ३९.२ किलोओहम. असे चार जॅक मिळून कोडेकच्या एकाच पायाशी येतात. चार स्विचांच्या निरनिराळ्या जुळणीतून येणारा एकत्रित रोध दर वेळी वेगळा भरत असल्यामुळे, तो एकच रोध मोजून कोणकोणत्या जॅकांत पिन आहे हे कोडेक अचूक ओळखतो. एका पायाने चार जॅकांची खबर ठेवण्याची ही युक्ती मला फार सुंदर वाटते. परंतु तिचे यश त्या बारीकशा स्विचवर अवलंबून आहे. जॅकमध्ये धूळ साचली, आतली पत्ती वाकून राहिली, अथवा कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलची तार जुन्या एसी ९७ पद्धतीची असून बायोसमध्ये मात्र नव्या पद्धतीचे पॅनेल असल्याची नोंद असली, म्हणजे नसलेला हेडफोन सदैव जोडलेला आहे असे कोडेकला वाटत राहते, आणि स्पीकर कायमचे बंद होतात. ऑटो-म्यूट बंद करताच आवाज आला, तर प्रणाली निर्दोष असून दोष त्या स्विचचा किंवा त्या नोंदीचा आहे, हे निःसंशय समजावे.

आता ती निर्णायक चाचणी. ‘स्पीकर-टेस्ट’ या आज्ञेस दोन वाहिन्या आणि खऱ्या कार्डाचे नाव देऊन ती चालवावी. ती डाव्या-उजव्या स्पीकरमधून आळीपाळीने खरखरीचा आवाज काढते. उपकरण व्यग्र असल्याचा निरोप आला, तर घाबरून जाऊ नये. ऑनबोर्ड कार्डाचा थेट ताबा एका वेळी एकालाच मिळतो आणि तो त्या क्षणी सर्व्हरकडे असतो, एवढाच त्याचा अर्थ. सर्व प्रोग्राम बंद करून काही सेकंद थांबल्यास सर्व्हर आपण होऊन कबजा सोडतो. तरीही सोडला नाही, तर ‘फ्यूजर’ ही आज्ञा कबजेदाराचे नाव उघड करते. फाइलींवरील परवान्यांची चिकित्सा हल्ली क्वचितच करावी लागते, कारण जो वापरकर्ता प्रत्यक्ष पडद्यासमोर लॉगइन झालेला असतो त्यास ध्वनीच्या फाइली वापरण्याचा अधिकार प्रणाली स्वतःच देते.

चाचणीचा आवाज आला आणि गाणे मात्र वाजत नाही, तर दोष पाइपवायरच्या मुलखात आहे. ‘डब्ल्यूपी-कंट्रोल’ या आज्ञेने सर्व मुक्कामांची यादी मिळते आणि डिफॉल्ट मुक्कामापुढे तारका असते. ज्यांना टर्मिनलचा सराव नाही त्यांनी ‘पावूकंट्रोल’ हा खिडकीचा प्रोग्राम उघडावा. त्यातील कॉन्फिगरेशन या पानावर प्रत्येक कार्डाचे प्रोफाइल असते, आणि एखाद्या कार्डाचे प्रोफाइल ‘ऑफ’ असेल तर ते कार्ड वरच्या जगास अस्तित्वातच नसते. अशा वेळी सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’ हे एकच नाव उरते. आणखी एक बाब अशी की, कोणता प्रोग्राम मागच्या वेळी कोणत्या मुक्कामावर वाजत होता हे सर्व्हर लक्षात ठेवतो. यास्तव बाकी सर्व वाजत असून एकटा ब्राउझर मुका, असे दृश्य दिसले तर प्लेबॅक या पानावर त्याचा मुक्काम तपासावा. जुन्या पल्सऑडिओची भाषा बोलणारे असंख्य प्रोग्राम अजून आहेत. त्यांच्यासाठी पाइपवायरचा एक स्वतंत्र दुभाषी असतो, तो बसवलेला नसेल किंवा त्याच्या जोडीस जुना पल्सऑडिओही चालू राहिला असेल, तरी गोंधळ होतो. हे सर्व सर्व्हर वापरकर्त्याच्या नावाने चालतात, रूटच्या नावाने नव्हे. त्यामुळे त्यांना पुन्हा सुरू करण्याचा हुकूमही वापरकर्त्याच्या नावानेच द्यावा, अन्यथा संबंध जोडता आला नाही असे उत्तर येते आणि तपास भलत्याच दिशेस भरकटतो.

डोळस माणसाला ही सर्व जबानी पडद्यावर वाचता येते. परंतु ज्यास दृष्टी नाही त्याचा विचार या विषयावर लिहिणारे फार थोडे लोक करतात. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपवर ऑर्का हा पडदावाचक आहे, ईस्पीक एनजी हा वाणीयंत्राचा प्रोग्राम मराठीही बोलतो, आणि दृष्टिहीन वाचक त्या वाणीच्या आधारेच फाइली उघडतो, पत्रे वाचतो, लेखन करतो. त्याचा आवाज बंद पडणे म्हणजे पडदा आणि ध्वनी दोन्ही एकाच वेळी नाहीसे होणे होय. ज्या साधनाने दोषाचा शोध घ्यावयाचा तेच साधन हातचे गेलेले असते. त्यामुळे त्याच्या यंत्रावर बंदोबस्त आधीच करून ठेवला पाहिजे. यूएसबीवर चालणारे एखादे लहानसे साउंड अडॅप्टर जवळ असावे. कारण अशा उपकरणांचा दंडक सर्वसामान्य असून त्यांत मदरबोर्डच्या जोडणीचा प्रश्नच येत नाही, आणि ते जोडताच स्वतंत्र कार्ड म्हणून ओळखले जाते. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत येण्याची वाट खुली ठेवावी, म्हणजे त्या संगणकाच्या वाणीने या संगणकाचा तपास करता येतो. ब्रेल पट्टी असल्यास बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम टर्मिनलचा मजकूर बोटांखाली आणून देतो. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही ध्वनिरूपाने उपलब्ध केले आहेत. जे शिक्षण कानावाटे यावयाचे, त्याला स्पीकर चालू असणे ही पहिली अट आहे.

आता उरले ते चिवट प्रकरण: कार्ड दिसते, वाहिन्या खुल्या आहेत, चाचणी निर्विघ्न चालल्याचे टर्मिनल सांगते, हेडफोन कदाचित वाजतोही, आणि तरी लॅपटॉपचे स्पीकर गप्प. येथे कोडेकच्या पायांकडे जावे लागते. प्रॉक या विभागात आल्सा प्रत्येक कोडेकची एक फाइल ठेवते, आणि तीत कोडेकमधील प्रत्येक घटकाचे वर्णन असते: कोणता रूपांतरक, कोणता मिक्सर, कोणता पाय, आणि कोण कोणास जोडला आहे. प्रत्येक पायासमोर ३२ बिटांची एक नोंद असते, जी बायोसने भरलेली असते. तो पाय कशास जोडला आहे, कोठे आहे, जॅक आहे की पक्का बसवलेला स्पीकर, जॅकचा रंग कोणता, आणि अनेक स्पीकरांच्या गटात त्याचा क्रम कितवा, एवढी सर्व माहिती त्या एका आकड्यात कोंबलेली असते. ‘४१११११एफ०’ हा आकडा ज्या पायासमोर असतो तो पाय कोठेही जोडलेला नाही असे ड्रायव्हर समजतो. कारखान्याने बायोस भरताना हयगय केली आणि प्रत्यक्ष स्पीकर ज्या पायास जोडला आहे त्याच्यासमोर हाच आकडा राहून गेला, तर ड्रायव्हर त्या पायाकडे कधीच ध्वनी धाडणार नाही. आणि यात त्याचा अपराध काहीच नाही.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म. लॅपटॉपच्या स्पीकरांना चालवणारा ॲम्प्लिफायर पुष्कळदा कोडेकच्या बाहेर असतो, आणि बॅटरी वाचावी म्हणून तो बंद-चालू करण्याची किल्ली कोडेकच्या हाती दिलेली असते. या सोयीस ‘ईएपीडी’ असे आद्याक्षरी नाव आहे. ही किल्ली बंद राहिली, तर कोडेकपर्यंतचा प्रत्येक टप्पा शंभर टक्के बरोबर असूनही शेवटच्या बोटभर अंतरात ध्वनी विरून जातो. काही उत्पादक तर ही प्रमाणित किल्ली सोडून सर्वसाधारण कामाच्या भलत्याच तारांवरून ॲम्प्लिफायर चालवतात, आणि ते कोठेही लिहून ठेवत नाहीत. विंडोजमध्ये त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर असल्यामुळे हे गुपित त्यास ठाऊक असते. लिनक्सला ते कोणीतरी शोधून काढून सांगावे लागते. विंडोजमधून यंत्र थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आल्यावर आवाज नाही, आणि यंत्र पूर्ण बंद करून, वीज तोडून पुन्हा सुरू केल्यावर आवाज आहे, असा अनुभव आल्यास कोडेक मागच्या प्रणालीने ठेवलेल्या अवस्थेतच जागा झाला, असे मानण्यास हरकत नाही. उलट, ध्वनी येतो पण प्रत्येक आवाजाचा आरंभ गिळला जातो किंवा ‘टक’ असा नाद होतो, तर वीज वाचवण्यासाठी कोडेक काही सेकंदांत झोपी जात आहे. ड्रायव्हरच्या ‘पॉवर-सेव्ह’ या पर्यायाचे मूल्य शून्य केल्याने हा उपद्रव थांबतो.

पायांच्या चुकीच्या नोंदीवर उपाय म्हणून डेव्हिड हेनिंगसन यांनी लिहिलेला ‘एचडीए-जॅक-रीटास्क’ हा प्रोग्राम फार उपयोगी आहे. तो सर्व पाय खिडकीत मांडून दाखवतो आणि एखाद्या पायास ‘हा आतला स्पीकर आहे’ अशी नवी नोंद देऊन ती लगेच पडताळून पाहू देतो. आवाज आला तर तीच नोंद यंत्र सुरू होताना आपोआप लागू व्हावी अशी व्यवस्थाही तो करतो. एका वेळी एकच पाय बदलावा आणि प्रत्येक बदल कागदावर टिपून ठेवावा. पाच पाय एकदम बदलून आवाज आणणाऱ्यास आवाज मिळतो, पण कारण मिळत नाही. युनिक्सच्या दुसऱ्या शाखांतही हीच कथा थोड्या निराळ्या नावांनी घडते: फ्रीबीएसडीमध्ये पायांच्या नोंदी सुरुवातीच्या सूचनाफाइलीत लिहून पालटता येतात, आणि पुढचा हेडफोन व मागचे स्पीकर तेथे पुष्कळदा दोन स्वतंत्र उपकरणे म्हणून दिसत असल्याने डिफॉल्ट उपकरणाचा क्रमांक बदलण्यानेच बऱ्याच तक्रारी मिटतात, ओपनबीएसडीने तर आपल्या ड्रायव्हरला इंटेलच्या दंडकाचे मूळचे ‘अझेलिया’ हे सांकेतिक नावच दिले आहे.

कारण सापडल्यावर ते आपल्याच यंत्रापुरते ठेवू नये, असे मला कळकळीने वाटते. लिनक्स कर्नलमध्ये रिअलटेक कोडेकांसाठी अपवादांची एक लांबलचक यादी आहे. प्रत्येक ओळीत एखाद्या मॉडेलचा सबसिस्टम क्रमांक आणि त्यावर करावयाची दुरुस्ती, एवढेच असते. सूसे कंपनीतील ताकाशी इवाई हे अनेक वर्षे या विभागाची देखरेख करीत आले आहेत, आणि यादीतील कितीतरी ओळी अशा सामान्य वापरकर्त्यांनी कळवलेल्या माहितीवरून आलेल्या आहेत. ‘अल्सा-इन्फो’ ही स्क्रिप्ट चालवली की कार्ड, कोडेक, पायांच्या नोंदी, मिक्सरची स्थिती आणि कर्नलची आवृत्ती हे सर्व एका फाइलीत गोळा होते. दुरुस्तीपूर्वीची एक आणि दुरुस्तीनंतरची एक अशा दोन फाइली, यंत्राचे पूर्ण नाव, आणि कोणता पाय कशावरून कशावर बदलला किंवा कोणती किल्ली उघडावी लागली याचे दोन-चार वाक्यांतील निवेदन, इतके पाठवले म्हणजे देखरेख करणाऱ्यास पुरते. ती ओळ स्वीकारली गेली की प्रथम पुढील कर्नलमध्ये आणि मग सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांतही उतरते, आणि त्याच मॉडेलचा लॅपटॉप विकत घेणाऱ्यास पहिल्याच दिवशी स्पीकरमधून आवाज ऐकू येतो.